बारीक आवाज

"खोदू नका अजून," फिटरबाई म्हणाली. "काकांची मूठ अजून वर आहे."

सगळे थांबले. टिकाव खांद्यावर घेतलेला थांबला, पाण्याची बाटली तोंडाला लावलेला थांबला. मुकादमानं जेसीबीवाल्याला हातानंच इशारा केला, त्यानं इंजिन बंद केलं. रस्त्याच्या दोन्ही टोकांना लाल फडकी घेऊन उभ्या असलेल्या माणसांनी गाड्या अडवल्या. एका बसवाल्यानं हॉर्न दाबला, तर फडकंवाल्यानं त्याच्याकडे असं काही बघितलं की त्यानं हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर ठेवला.

ही पद्धत कानसाहेबांनीच घालून दिलेली. मूठ वर म्हणजे रस्ता गप्प. मूठ खाली म्हणजे काम सुरू.

कानसाहेब एक मूठ वर धरून गुडघ्यावर बसले होते. समोर छोटं लोखंडी झाकण उघडलेलं. आत हातभर खोल गेलेली सळई, तिचं खालचं टोक पाइपाला टेकलेलं आणि वरची लाकडी वाटी त्यांच्या उजव्या कानाला. डोळे मिटलेले. चेहऱ्यावर असा भाव, की जमीन त्यांना काहीतरी खासगी सांगतेय.

तीस वर्षं हेच. शहराच्या पोटात जितके पाइप आहेत तितक्या पाइपांना या माणसानं कान लावलेला. आता तर ते पाणीखात्याच्या फील्डचे मुख्य, हाताखाली चाळीस माणसं. व्हॉल्व्ह फिरवणारे चावीवाले, फिटर, खोदणारे, टँकरवाले, सगळे त्यांच्या शब्दावर हलायचे. खुर्चीत बसून हुकूम सोडले असते तरी कुणी काही म्हटलं नसतं. पण सळई त्यांनी सोडली नाही. खात्यात त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकाला माहीत होतं. बाकी सगळ्यांना कानसाहेब.

आणि कानसाहेबांच्या पिशवीत, पान्यांच्या खाली, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक कागद होता. कानाच्या डॉक्टरचा. सात महिन्यांपूर्वीचा.

"बारीक आवाज गेलेत," डॉक्टर म्हणाला होता. "जाड आवाज शिल्लक आहेत. माणसं बोललेली कळतील, समोर असली तर. पण पाखरं, घड्याळाची टिकटिक, असलं काही आता विसरा."

पाखरांचं कुणाला पडलंय. पण फुटलेला पाइप बारीकच बोलतो. सूं. अगदी लांबून कुणी दातातून हवा सोडावी तसा.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. खात्यात नाही, घरी नाही. आजच पहाटे बायको म्हणाली होती, "अहो, माळ्यावरच्या टाकीत रात्रभर सूं सूं चाललंय. डोळ्याला डोळा नाही." ते म्हणाले, "टाकी भरताना येतोच आवाज." ती म्हणाली, "टाकी कधीची भरलीय." मग हे डबा घेऊन निघाले.

सात महिने त्यांनी रेटलं होतं. कुठं पाणी वर आलेलं दिसायचं, कुठं माती ओली लागायची, कुठं आवाज मोठा असायचा. अनुभव कामाला यायचा. पण आज तसं नव्हतं. टेकडीवरच्या इस्पितळाला जाणाऱ्या मोठ्या लाइनीचा दाब सकाळी सहाला धाडकन पडला होता. पाइप कुठंतरी फुटला होता हे नक्की. पण वर थेंब नाही. सगळं पाणी खालच्या जुन्या गटारात मुरत असणार. आणि वर सिमेंटचा रस्ता, दोन महिन्यांपूर्वी केलेला, गुळगुळीत. रस्तेवाल्यांनी परवानगी दिली होती ती एका खड्ड्याची. एकाच. आवाज पकडायचं मशीन दुरुस्तीला गेलेलं, ते कधी येईल ते दुरुस्तीवालाच जाणे.

फोन थरथरला. त्यांनी सळईवरून कान काढला. मूठ मात्र तशीच वर.

"बोला सिस्टर."

"टाकी साडेचार फूट." इस्पितळाच्या डायलिसिस विभागाची सिस्टर. सकाळपासून दर तासाला तिचा फोन, आणि दर वेळी फक्त आकडा. "दोन फुटांच्या खाली गेलं की आमचा पंप हवा ओढतो, मशीन बंद."

"टँकर पोचला का?"

"एक आला. अजून कुठंयत?"

"भरायचा नळ याच लाइनीवर आहे हो. दुसऱ्या टोकाकडून भरून येतायत, वेळ लागतोय."

"बरं, मग मला एक सांगा. बाराची बॅच बाहेर बसलीय. बारा माणसं. एकदा रक्त मशीनला लावलं की चार तास पाणी लागतं. मध्येच काढता येतं, पण ते अर्धवट. त्यातल्या दोघींचं परवाचंही चुकलंय, सुजलेले पाय बघवत नाहीत त्यांचे. बसवू का नको? तुम्ही म्हणाल तसं."

घड्याळात पावणेबारा. कानसाहेबांनी खाली बघितलं. आत्ता, या झाकणातून, त्यांना आवाज आला होता. स्पष्ट आला होता. सकाळपासून सहा झाकणं झाली, सगळी मुकी. हे सातवं बोललं होतं.

"बसवा," ते म्हणाले.

फोन ठेवला. खिशातून खडू काढून झाकणापासून चार पावलं मोजली आणि सिमेंटवर फुली मारली. मग मूठ खाली केली.

रस्ता एकदम जिवंत झाला. बसवाल्यानं राहिलेला हॉर्न वसूल केला.

"फुली पडली," मुकादम ओरडला. "चला रे, कानसाहेबांनी पंचांग बघितलं. घ्या मशीन."

फिटरबाई फुलीकडे बघत उभी होती. तिचे वडील चावीवाले, कानसाहेबांचे जोडीदार. ते गेल्यावर त्यांच्या जागी ही लागली, पदरात दोन पोरं घेऊन. काम शिकली ती कानसाहेबांकडे. गेल्या काही महिन्यांपासून ती चालताना नेहमी त्यांच्या उजव्या बाजूला असायची, आणि कुणी लांबून काही बोललं की तेच जवळून परत बोलायची, सहज बोलल्यासारखं. कानसाहेबांच्या हे लक्षात आलं होतं. आपल्या लक्षात आलंय हे तिला कळू द्यायचं नव्हतं, एवढंच.

आत्ता ती काहीतरी बोलायला गेली. पण सिमेंट फोडायचा ब्रेकर सुरू झाला.

*

साडेबाराला जेसीबीचा दात मातीत गेला. पावणेएकला पाइप उघडा पडला. मुकादम स्वतः खड्ड्यात उतरला, पाइपाखाली हात घातला, आणि हात तसाच वर करून दाखवला.

कोरडा. नुसती धूळ.

"ठणठणीत," तो म्हणाला. "माझ्या घशासारखा." मग कानसाहेबांचा चेहरा बघून त्यानं हसू आवरलं. "अजून दोन हात पुढं घेऊ का? असेल इथंच कुठं."

"माती बघ," कानसाहेब म्हणाले.

"कोरडीय."

"खालची?"

"खालचीही कोरडीय, गड्या."

मुकादम त्यांना चारचौघांत कधी गड्या म्हणायचा नाही. वर टेकडीवर बारा माणसांचं रक्त कानसाहेबांच्या एका शब्दावर नळ्यांतून फिरत होतं. त्यांनी परत सळई घेतली, खड्ड्यात उतरून सरळ उघड्या पाइपाला लावली. आवाज होताच. घुर्र. जाड, एकसारखा, जवळचा.

"येतोय की," ते पुटपुटले. "येतोय आवाज."

फिटरबाई खड्ड्यात उतरली. उजव्या बाजूनं वाकली आणि फक्त त्यांनाच ऐकू जाईल असं बोलली.

"काका, चौकातला व्हॉल्व्ह सकाळपासून अर्धा आहे."

त्यांनी सळई पाइपावरून काढली.

सकाळी सव्वासहा. दाब पडल्याचं कळल्यावर पहिला फोन त्यांनी चौकातल्या चावीवाल्याला केला होता. बारा आटे पीळ, खालच्या वस्तीचं पाणी कमी कर, जे काही उरलंय ते इस्पितळाकडे जाऊ दे. बरोबर होतं. कुणीही तेच केलं असतं. पण अर्धवट पिळलेल्या व्हॉल्व्हमधून पाणी अंग चोरून जातं आणि घुरघुरतं, आणि ती घुरघुर लोखंडातून शंभर पावलं लांब ऐकू येते. म्हणून सळई लावायच्या आधी आसपासचा प्रत्येक व्हॉल्व्ह एक तर पूर्ण उघडायचा नाही तर पूर्ण बंद करायचा. नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगायची गोष्ट. फिटरबाईला पहिल्या दिवशी त्यांनीच सांगितली होती. व्हॉल्व्ह करतो घुर्र, फुटका पाइप करतो सूं. घुर्रच्या मागं लागलीस तर स्वतःच्याच शेपटीमागं फिरशील.

सात वर्षांपूर्वी एका नव्या फिटरनं हीच चूक केली होती, तेव्हा त्यांनी आख्ख्या गँगसमोर त्याची सालटी काढली होती.

"तू ऐकलं होतंस का?" त्यांनी विचारलं.

"लांबून. झाकणावर पाय होता माझा, थरथर लागली. मला वाटलं तुम्हाला दोन्ही येतायत, तुम्ही त्यातून वेगळं काढलं असणार." ती खाली बघत म्हणाली. "तुम्ही खडू मारल्यावर कोण बोलणार काका."

वरून हाक आली. इंजिनिअर साहेब खड्ड्याच्या काठावर उभे. पोरगेलेसे, दीड वर्षापूर्वी आलेले, माणूस वाईट नाही. हातात फोन, कपाळाला घाम.

"काय झालं कानसाहेब? कोरडा कसा काय? मला वर सांगायचंय."

कानसाहेब वर चढले. चढताना मुकादमानं हात दिला.

"व्हॉल्व्हचा आवाज होता साहेब. चौकातला अर्धा पिळलेला."

"कुणी पिळला?"

"चावीवाल्यानं. सकाळी."

"आणि तुम्हाला सांगितलं नाही?" इंजिनिअरच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं दिसलं. "मग झालंच की. हे बघा, दुसऱ्या खड्ड्याची परवानगी हवी तर रस्तेवाले आधी विचारणार, पहिला का चुकला. कारण द्यावं लागतं. चावीवाल्यानं व्हॉल्व्हची माहिती दिली नाही, असं टाकतो. दोन मिनिटांत सही होईल. तो कायम आहे का?"

"नाही."

"मग सोपं आहे."

सोपं होतं खरंच. चावीवाला चौकात, ऐकायला इथं नव्हता. फिटरबाई आणि मुकादम मेले तरी तोंड उघडणार नाहीत. सही लवकर झाली तर बारा माणसांचंही भलंच. आणि दीड वर्षानं निवृत्ती. तोवर सळई खांद्यावर, नाव शाबूत. चावीवाल्याच्या नोकरीवर पाणी पडेल, पण तो तरुण आहे, मिळेल काहीतरी. हे सगळं त्यांच्या डोक्यात एका दमात येऊन गेलं, आणि आलं याचीच त्यांना लाज वाटली.

फोन थरथरला. सिस्टर.

"साडेतीन फूट. सगळे लावलेत मशीनला. सापडलं का?"

"नाही अजून."

"तुम्ही म्हणालात म्हणून बसवले मी," ती म्हणाली. रागानं नाही. आकडा सांगावा तसं.

"हो. मी म्हणालो," कानसाहेब म्हणाले. "फोनजवळच राहा, बाई. थोड्या वेळात फोन करतो."

ते इंजिनिअरकडे वळले.

"चावीवाल्यानं मी सांगितलं तेच केलं साहेब. व्हॉल्व्ह मीच पिळायला लावला. आणि आवाज मीच ओळखला नाही."

"अहो पण तुम्ही कसे काय..."

"मला ऐकू येत नाही."

कुणी काही बोललं नाही. मूठ वर नव्हती तरी.

"म्हणजे येतं," ते म्हणाले. "तुमचं येतंय. बारीक येत नाही. सात महिने झाले. कागद आहे पिशवीत, हवा तर जोडा. माझं नाव लिहा आणि सही आणा. पण आधी मला दुसरी जागा शोधू द्या."

"दुसरी जागा कोण शोधणार?" इंजिनिअरनं विचारलं. टोमणा नव्हता तो, घाबरलेला प्रश्न होता.

कानसाहेबांनी सळई फिटरबाईपुढं धरली.

"मी नाही काका," ती एक पाऊल मागं सरली. "मी कधी एकटीनं जागा काढलेली नाही. चुकलं तर? बारा माणसं आहेत."

"मलाही बाराच होती. जागा चुकलीच ना? धर."

"काका."

"तुझा बाप चावी फिरवायचा आणि मी ऐकायचो. दोघांतल्या एकालाही सगळं येत नव्हतं. कान तुझे, बाकीचं मी आहे. धर म्हणतो ना."

तिनं धरली.

*

चौकात फोन गेला. व्हॉल्व्ह पूर्ण उघडला, मोजून बारा आटे. घुरघुर थांबली असणार. कानसाहेबांनी फिटरबाईकडे बघितलं, तिनं मान हलवली, थांबली.

"पहिल्यापासून," ते म्हणाले. "घाई करायची नाही. मी मुकी म्हणून सोडलेली सगळी झाकणं परत."

ती पहिल्या झाकणापाशी बसली. कानसाहेब तिच्या शेजारी उभे राहिले आणि त्यांनी मूठ वर केली.

लाल फडकी पसरली. गाड्या थांबल्या. रस्त्याकडेच्या दुकानातल्या माणसानं स्वतःहून रेडिओ बंद केला. पानही हलायचं थांबलं असं वाटावं इतकं सगळं शांत झालं असेल. कानसाहेबांना फारसा फरक कळला नाही. त्यांच्यासाठी बारीकसारीक जग कधीचंच गप्प होतं. ते फक्त तिच्या चेहऱ्याकडे बघत होते.

पहिलं, काही नाही. दुसरं, काही नाही. तिसऱ्याला तिच्या भुवया जवळ आल्या.

"आहे?"

"आहेसं वाटतंय."

"कसा?"

"किटली उकळायच्या आधी करते तसा. पण लांब."

"पुढं चल."

चौथ्याला ती एकदम ताठ झाली. "मोठा आहे काका. इथंच."

"उठू नकोस," ते म्हणाले. "मोठा आला की लगेच खडू मारायचा नाही. पाचवं बघ."

पाचवं. ती डोळे मिटून बसली. गालावर घाम, तो पुसायला तिनं हात हलवला नाही. जिवाचा कान करून ऐकणं म्हणजे काय ते कानसाहेबांना पहिल्यांदाच बाहेरून दिसत होतं.

"इथंही आहे. थोडा कमी."

"चौथा किती आणि हा किती? दुप्पट का निम्मा, का उगाच थोडा?"

"थोडा. चार आणे कमी."

"तिसरा?"

"तिसरा खूप कमी."

त्यांनी पावलं टाकली. चौथ्या झाकणापासून पाचव्याकडं, मोजत. चौथ्याच्या जवळ, पण मध्याकडे झुकतं. सव्वीस पावलांवर थांबले. तिथं रस्ता अगदी गुळगुळीत होता, दुसऱ्या कुठल्याही जागेसारखा.

"इथं सळई सिमेंटवरच टेकव. जोरात दाब. काय?"

मागं अडकलेल्या गाड्यांतून एक माणूस उतरून तावातावानं आला, मुकादमानं त्याच्या छातीवर नुसता तळवा ठेवला.

"सूं," फिटरबाई म्हणाली. "जाड नाही. सूंच."

"खात्री?"

"खात्री कशी सांगू काका? तुम्हाला असायची का?"

"नाही," कानसाहेब म्हणाले. "कधीच नसायची. मार खडू."

तिनं फुली मारली. फुलीची एक रेघ वाकडी गेली. मूठ खाली आली.

दुसऱ्या खड्ड्याची सही पंधरा मिनिटांनी झाली. मुकादमानं तोवर ब्रेकर चालू केलाच होता. "सही येतेय तोवर मी फक्त रस्त्याला गुदगुल्या करतोय," तो इंजिनिअरला म्हणाला, आणि इंजिनिअरनं पाठ फिरवून फोन कानाला लावला.

दोन वाजून पाच मिनिटांनी जेसीबीचा दात वर आला तेव्हा त्याला लागलेली माती काळी होती. ओली. कुणी ओरडलं नाही. मुकादमानं चिमूटभर माती बोटांत चुरडली आणि फिटरबाईच्या बुटावर टाकली, एवढंच. मग सगळे एकदम फावडी घेऊन उतरले. सांध्यापाशी पाइप वीतभर चिरला होता आणि पाणी खालच्या बाजूनं सरळ गटारात जात होतं. लाइनीचा मोठा व्हॉल्व्ह बंद करून घेतला, आणि चिरेवर क्लॅम्प आवळायला फिटरबाईच आडवी झाली, कमरेपर्यंत चिखलात. वरून कानसाहेब सांगत होते, डावा नट आधी, आता उजवा, एकाच बाजूनं आवळू नको, समान घे.

अडीचला सिस्टर. "अडीच फूट."

पावणेतीनला, "सव्वादोन. मी दोन मशीन बंद करायला घेऊ का? कोणाची करू तेवढं सांगा."

"दहा मिनिटं थांबा," कानसाहेब म्हणाले. मग थांबले. दुपारी बसवा म्हणताना वापरला होता तोच आवाज होता हा. "नाही बाई. मला सांगता येणार नाही. तुम्हाला योग्य वाटेल तसं करा. आम्ही व्हॉल्व्ह उघडायला घेतलाय."

"मग मी थांबते," सिस्टर म्हणाली.

मातकट पाणी आधी बाजूला सोडलं. मग मोठा व्हॉल्व्ह, हळूहळू, एक आटा, थांब, दुसरा आटा. चिरेवरच्या क्लॅम्पला फिटरबाई हात लावून बसलेली. थेंब नाही. तीन वाजून चार मिनिटांनी फोन थरथरला. कानसाहेबांनी तो कानाला लावला. पलीकडे मागं काहीतरी मोठ्यानं कोसळत होतं, टाकीत पाणी पडावं तसं. तेवढं त्यांना ऐकू आलं. ते जाड होतं.

"येतंय," सिस्टर म्हणाली. "सगळी चालू आहेत." आणि कामात असल्यासारखा फोन ठेवून दिला.

*

इंजिनिअर साहेबांनी संध्याकाळी ऑफिसात डॉक्टरचा कागद वाचला, घडी घातली, परत उघडला.

"टेबलावर जागा आहे," ते म्हणाले. "नकाशे दुरुस्त करायचे राहिलेत सगळे. तुमच्याइतकं कुणाला माहीत नाही."

"बघू," कानसाहेब म्हणाले.

दाराशी फिटरबाई उभी होती, कपड्यांवर चिखल वाळून पापड्या झालेल्या. सळई तिनं पुसून आणली होती. तिनं ती पुढं केली.

"राहू दे तुझ्याकडे."

"उद्या कुठं निघायचंय आपल्याला?"

"तू निघ. मी येतो, शेजारी उभा राहायला. मूठ वर करायला कुणीतरी लागेलच."

ती हसली नाही. उजव्या बाजूला येऊन जिन्यापर्यंत त्यांच्याबरोबर चालत गेली.

घरी आल्यावर त्यांनी हातपाय धुतले, चहा घेतला आणि पिशवीतून पाना काढला. स्टूल ओढून माळ्याखाली ठेवलं. बायको स्वयंपाकघरातून बघत होती. त्यांनी टाकीचं झाकण सरकवलं, आत काळोखात हात घालून तरंगत्या गोळ्याची दांडी चाचपली, जुना वॉशर काढला, नवा बसवला. आत काही दिसत नव्हतं. बोटांना नुसतं थंड पाणी लागत होतं.

"ऐक ना," ते म्हणाले.

ती आली. स्टूल हलू नये म्हणून तिनं एका हातानं धरलं.

"थांबलं का बघ."

"तुम्हालाच कळेल की तुमचं ते," असं म्हणता म्हणता ती गप्प झाली. मग तिनं वर त्यांच्याकडे बघितलं, बराच वेळ. विचारलं काही नाही. आत जाऊन गॅस बंद केला, खिडकी लावून घेतली आणि परत येऊन मान तिरकी करून उभी राहिली.

"अजून येतंय," ती म्हणाली. "थोडं."

त्यांनी अर्धा आटा पिळला.

"आता?"

"थांबा हां."

स्टुलावर उभ्या उभ्या, कोपरापर्यंत ओला झालेला हात त्यांनी मूठ करून वर धरला, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले.